परूशी: शब्दाचा अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी बायबल वाचणारे, त्यावर प्रवचन करणारे, अनुवाद करणारे आणि प्राचीन इतिहासाचे विद्यार्थी या शब्दाशी कुठे ना कुठे अडखळतात. त्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांना फक्त अर्थ हवा आहे त्यांनी पहिले दोन प्रश्न वाचले तरी चालेल. ज्यांना हा शब्द स्वतःच्या लेखनात वापरायचा आहे त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे, कारण या शब्दाने चुका होतात त्या अर्थापेक्षा वापरात जास्त.

परूशी म्हणजे कोण?

यहुदी समाजातला एक पंथ. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडेपर्यंत तो यहूदियात ठळकपणे दिसतो. लिखित नियमशास्त्राबरोबर (तोरा) पूर्वजांकडून तोंडी चालत आलेली परंपराही पाळलीच पाहिजे, हे त्याचे मुख्य मत. मंदिरातल्या याजकांसाठी असलेले शुद्धतेचे बरेचसे नियम त्यांनी आपल्या घरातल्या पानापर्यंत आणले.

जन्माने कोणी परूशी होत नसे. याजक हा याजकाच्याच पोटी जन्मावा लागे, लेवी (मंदिरातला सेवक) हा लेवीच्या घरात. परूशी मात्र मत पटले म्हणून होता येई. इतिहासकार योसेफस (जन्म इ.स. ३७) आत्मचरित्रात लिहितो की वेगवेगळे पंथ पाहून झाल्यावर एकोणिसाव्या वर्षी त्याने परूश्यांच्या रीतीने वागायला सुरुवात केली, आणि तो स्वतः याजक घराण्यातला होता. म्हणून परूश्यांना ‘जात’ म्हणू नये. ‘पंथ’ किंवा ‘मतप्रवाह’ हे शब्द बरोबर बसतात.

शब्द आला कुठून?

हिब्रू ‘पारूश’, अनेकवचन ‘पेरुशीम’. धातू पे-रेश-शीन, म्हणजे वेगळे करणे, अलग होणे. अरामीत ‘पेरीशाया’, त्यावरून ग्रीक ‘फारिसाइओस’, त्यावरून लॅटिन ‘फारिसेउस’ आणि पुढे युरोपातल्या सगळ्या भाषांतली रूपे. सरळ अर्थ ‘वेगळे झालेले’.

याच धातूला हिब्रूत ‘स्पष्ट करून सांगणे’ असाही अर्थ आहे. त्यामुळे ‘पेरुशीम’ म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडून सांगणारे, असे काही अभ्यासक मानतात. योसेफस तर परूश्यांची ओळखच अशी करून देतो की नियमशास्त्राचा अर्थ ते काटेकोरपणे लावतात असे मानले जाई. तरी बहुतेकांचा कौल ‘वेगळे झालेले’ याच अर्थाला आहे. शब्दाची घडण कर्मणी आहे आणि ती ‘वेगळे केलेला’ या अर्थाशी जास्त जुळते.

वेगळे झाले ते कुणापासून?

याची तीन उत्तरे दिली जातात आणि तिन्हींना आधार आहे. एक, शुद्धतेचे आणि दशमांशाचे नियम न पाळणाऱ्या सामान्य लोकांपासून (मिश्ना, म्हणजे यहुदी गुरूंच्या तोंडी परंपरेचा संकलित ग्रंथ, या लोकांना ‘अम हाआरेत्स’ म्हणते). दोन, परकीय चालीरीतींपासून. तीन, यहूदियावर राज्य करणाऱ्या हस्मोनी या यहुदी घराण्याच्या आणि त्यांच्या बाजूच्या याजकवर्गाच्या राजकारणापासून.

हे नाव पहिल्यांदा विरोधकांनी ठेवलेले असावे, असे मानायला चांगला आधार आहे. मिश्नामध्ये ‘पेरुशीम’ हा शब्द ठळकपणे येतो तो सदूकी या विरोधी यहुदी पंथाच्या तोंडी: ‘अहो परूश्यांनो, आमची तुमच्याविरुद्ध तक्रार आहे.’ ज्या गुरूंना आपण परूशी मानतो ते स्वतःला ‘हखामीम’ (ज्ञानी) किंवा ‘हवेरीम’ (सोबती) म्हणणे पसंत करतात. पण ठेवलेले नाव पुढे अंगी लागते आणि मिरवलेही जाते. प्रेषित पौल स्वतःला उघडपणे परूशी म्हणवून घेतो, तेही अभिमानाने.

‘परूशी’, ‘परुशी’, ‘फरिसी’ यांतले कोणते रूप लिहावे? विभक्ती कशी लावावी?

मराठी बायबलमध्ये रुळलेले रूप ‘परूशी’, दुसरे अक्षर दीर्घ. ऱ्हस्व ‘परुशी’ही छापलेले आढळते. एका लेखात एकच रूप ठेवा म्हणजे झाले. ‘फरीसी’ हे हिंदी बायबलमधले रूप आहे. इंग्रजीवरून ‘फॅरिसी’ लिहिणारेही असतात. मराठी वाचकासाठी ‘परूशी’च ठेवावे. ते ओळखीचे आहे, आणि सुरुवातीचा ‘प’ व मधला ‘श’ थेट हिब्रूशी जुळतो. ग्रीकने ‘प’चा ‘फ’ आणि ‘श’चा ‘स’ केला तो इथे आलेलाच नाही.

विभक्ती ‘माळी’सारखी चालवावी: एक परूशी, अनेक परूशी, परूश्याने, परूश्यांनी, परूश्यांचा. ‘परूशांनी’ हे ‘माळांनी’ म्हटल्यासारखे होते. सदूकीचेही तसेच: सदूक्यांनी, सदूक्यांशी. विशेषण म्हणून मूळ रूपच चालते: परूशी पंथ, परूशी परंपरा.

परूशी आणि पारशी एकच का?

नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे, कारण दोन शब्द दिसायला जवळजवळ सारखे आहेत. पारशी म्हणजे पर्शियातून भारतात आलेले जरथुश्त्राचे अनुयायी. परूशी हे यहुदी. मुद्रितशोधनात मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण टंकलेखनाची आपोआप दुरुस्ती ‘परूशी’चे ‘पारशी’ करून टाकते आणि मग ‘येशू पारश्यांना म्हणाला’ असे वाक्य छापून जाते.

टी. डब्ल्यू. मॅन्सन या ब्रिटिश अभ्यासकाने १९३८ साली असे सुचवले होते की ‘परूशी’ हे मूळचे ‘पर्शियन’ अशा अर्थाचे टोपणनाव असावे. पुनरुत्थान, देवदूत अशा कल्पना पर्शियाकडून उचलल्या म्हणून विरोधकांनी तसे चिडवले असेल, असा त्यांचा तर्क. तो फारसा कोणी मान्य केला नाही.

परूशी, शास्त्री, सदूकी, याजक यांत फरक काय?

मराठी वाचकाची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. हे चार शब्द चार वेगळ्या प्रकारच्या ओळखी सांगतात.

याजक ही वंशाने आलेली ओळख, मंदिरात यज्ञ करणाऱ्यांची. शास्त्री हा पेशा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लेखक, कारकून, दस्तऐवज व नियमशास्त्र जाणणारा. परूशी आणि सदूकी हे पंथ. त्यामुळे एकच माणूस याजकही असू शकतो आणि परूशीही, शास्त्रीही असू शकतो आणि सदूकीही. मार्कच्या शुभवर्तमानात ‘परूश्यांपैकी शास्त्री’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे सगळे शास्त्री परूशी नव्हते हे त्यावरूनच कळते. ‘शास्त्री’ वाचताना काशीहून शिकून आलेला, शेंडी राखलेला पंडित डोळ्यांपुढे आणू नका. खेड्यात करारनामा लिहून देणारा लेखनिकही या शब्दात बसतो.

सदूक्यांचा पाया याजक घराण्यांत आणि श्रीमंत वर्गात होता. नावाचा संबंध बहुधा दाविदाच्या काळातल्या सादोक याजकाशी. योसेफस सांगतो की सदूक्यांच्या मागे धनिक होते आणि परूश्यांच्या मागे सामान्य जनता. या दोघांखेरीज तो एसेनी लोकांचा पंथ सांगतो, आणि इ.स. ६ मध्ये रोमन जनगणनेविरुद्ध उठलेल्या गालीलकर यहूदाचा चौथा गट. त्या उठावात यहूदाचा साथीदार सादोक हा परूशी होता.

ते मानत काय?

तोंडी परंपरेचा उल्लेख वर झाला. त्याशिवाय मेलेल्यांचे पुनरुत्थान, देवदूत आणि आत्मे ते मानत, सदूकी मानत नसत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३ मध्ये पौल न्यायसभेपुढे उभा राहून ‘मी परूशी आहे, परूश्यांचा पुत्र आहे, पुनरुत्थानाच्या आशेमुळे माझा न्याय होत आहे’ असे म्हणतो आणि सभेतच दोन तट पडतात. दैव की प्रयत्न या वादात त्यांनी मधला मार्ग घेतला. सदूकी म्हणत सारे माणसाच्या हाती, एसेनी म्हणत सारे विधिलिखित, आणि परूशी म्हणत की काही दैवाचे आहे पण करणे न करणे माणसाकडे आहे.

तोंडी परंपरेमुळे ते ताठर झाले असा समज आहे. बऱ्याचदा उलटे घडले. सातव्या वर्षी सगळी कर्जे माफ करावीत असा तोराचा नियम. परिणाम असा झाला की सातवे वर्ष जवळ आले की गरिबाला कोणी उसने देईना. हिल्लेल या गुरूने त्यावर ‘प्रोझबूल’ नावाचा दस्तऐवज काढला. धनको आपले येणे न्यायालयाच्या हवाली करतो, न्यायालयाकडे असलेले कर्ज माफ होत नाही, आणि गरिबाला पुन्हा कर्ज मिळू लागते. हिल्लेलला शुभवर्तमानांत किंवा योसेफसकडे ‘परूशी’ असे लेबल नाही. पण त्याच परंपरेतला सिमोन बेन गमलियेल परूशी होता असे योसेफस स्पष्ट सांगतो.

रोजच्या जगण्यात परूशी असणे म्हणजे काय करणे?

मुख्यतः दोन गोष्टी: धान्याचा वाटा काटेकोर काढणे आणि शुद्ध स्थितीत जेवणे.

वाट्याचा हिशेब मिश्नात तपशिलाने आहे. मिश्ना इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाली, तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा पहिल्या शतकात जसाच्या तसा लागू होता असे मानू नये. पण पद्धत कळायला तो हिशेब उत्तम आहे. समजा शेतात १०० मापे गहू झाला. आधी याजकाचा वाटा ‘तेरुमा’ काढायचा. उदार माणूस चाळीसावा भाग देई, मध्यम पन्नासावा, चिक्कू साठावा. मध्यम धरला तर २ मापे गेली, उरली ९८. यातून पहिला दशमांश लेवीला, ९.८ मापे. त्या ९.८ मधून लेवीने पुन्हा दहावा भाग, म्हणजे ०.९८, याजकाला द्यायचा. शेतकऱ्याकडे उरली ८८.२. यातून दुसरा दशमांश, ८.८२ मापे. सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी हा भाग यरुशलेमला नेऊन तिथेच खायचा, तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी गरिबांना द्यायचा. सातव्या वर्षी जमीन पडीक. घरात राहतात ७९.३८ मापे, आणि त्यातूनच राजाचा किंवा रोमचा कर.

आता अडचण कुठे येते ते पाहा. स्वतःच्या शेताचा हिशेब जमतो, पण बाजारातून आणलेल्या धान्याचे काय? विकणाऱ्याने तेरुमा दिला असेलही, दशमांश दिला नसेलही. अशा संशयित मालाला ‘देमाय’ म्हणत. काटेकोर माणूस तो विकत घेतल्यावर पुन्हा वाटा काढी आणि अम हाआरेत्सच्या घरी पाहुणा म्हणून जेवायला जात नसे. समाजात अंतर पडले ते या जेवणावरून. पंक्तिभेदाचा इतिहास असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की इथे भेद जन्माचा नव्हता, पाळण्याचा होता.

हात धुणे ही दुसरी गोष्ट. सामान्य माणसाने भाकरीपूर्वी हात धुवावेत असे तोरात कुठेही नाही. ही ‘वाडवडिलांची परंपरा’, आणि मार्कच्या ७ व्या अध्यायातला वाद तिच्याबद्दल आहे. हात मळलेले होते हा मुद्दाच नव्हता. मिश्नाप्रमाणे किमान पाव ‘लोग’ पाणी लागते, म्हणजे दीड अंड्याच्या आकारमानाइतके. ते भांड्यातून हातांवर मनगटापर्यंत ओतायचे. पहिले पाणी हातांची अशुद्धता घेते आणि स्वतःच अशुद्ध होते, म्हणून ते वाहून जायला दुसरे पाणी ओतायचे. ओंजळीने पाणी घेऊन चालत नाही, भांडे पाहिजे. भांडे दगडाचे असले तरी चालते.

दगडाचे भांडे तर सगळ्यात सोयीचे. लेवीय, अध्याय ११ प्रमाणे मातीचे भांडे अशुद्ध झाले की फोडावे लागते, दगडाच्या भांड्याला अशुद्धता लागतच नाही. यरुशलेम आणि गालीलातल्या उत्खननांत मऊ चुनखडीचे पेले, वाडगे आणि मोठे रांजण भरपूर सापडले आहेत, ते या काळातले. काना गावच्या लग्नात योहान सहा दगडी रांजणांचा उल्लेख करतो तो याच रीतीचा. ही भांडी सापडलेले प्रत्येक घर परूश्याचे होते असे मात्र समजू नका. शुद्धतेची आस्था पंथाबाहेरही पसरलेली होती.

सदूक्यांशी भांडण नेमके कशावरून?

पुनरुत्थानावरून, हे सगळ्यांना माहीत असते. पण मिश्नातल्या ‘यादायीम’ (हात) या भागात जी भांडणे नोंदली आहेत ती वाचली म्हणजे हे लोक कशाकशासाठी जीव टाकत होते ते कळते.

एक वाद धारेचा. शुद्ध घड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतले, तर खालची अशुद्धता धारेतून वर चढून घडा बाटतो का? सदूकी म्हणत बाटतो, कारण धार अखंड आहे, वरचे आणि खालचे पाणी एकच. परूशी म्हणत नाही बाटत. त्यांचा उलट सवाल असा: मग स्मशानातून वाहत येणारा ओढा तुम्ही शुद्ध कसा धरता? घरोघरी दिवसातून कितीदा तरी कोणी ना कोणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असते. निकाल सदूक्यांसारखा लागला तर पाळणाऱ्याला घर चालवणे कठीण.

या वादाला भक्कम बाहेरचा पुरावा मिळाला आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान इथे सापडलेल्या गुंडाळ्यांत एक पत्रवजा ग्रंथ आहे. चौथ्या गुहेतून त्याच्या सहा प्रतींचे तुकडे मिळाले आणि १९९४ मध्ये तो साक्षेपाने प्रसिद्ध झाला. त्यात धारेबद्दल सदूक्यांसारखेच मत आहे: धार अशुद्ध आणि शुद्ध यांना वेगळे करत नाही. त्याच पत्रात लिहिणारे म्हणतात, ‘आम्ही लोकसमूहापासून वेगळे झालो’, आणि क्रियापद तेच, पे-रेश-शीन. म्हणजे ‘वेगळे होणे’ ही त्या काळात परूश्यांची मक्तेदारी नव्हती.

दुसरे उदाहरण शब्बाथचे. विश्रांतीच्या दिवशी घरातून सामायिक अंगणात वस्तू नेता येत नाहीत. परूशी परंपरेत शेजाऱ्यांनी थोडे अन्न एकत्र ठेवले की सारे अंगण किंवा बोळ एक घर धरले जाते आणि ने-आण चालते. याला ‘एरुव’ म्हणतात. सदूकी हे मानत नसत. गमलियेल नावाचा गुरू सांगतो की यरुशलेमात आमच्या बोळात एक सदूकी राहायचा, आणि वडील आम्हाला म्हणायचे: त्याने आपली भांडी बाहेर काढून तुम्हाला अडवण्याआधी घाई करा आणि आपली भांडी बोळात ठेवा. पंथभेद म्हणजे हे असे, भिंतीला भिंत लागून.

राजकारणात त्यांचे वजन किती होते?

कमी-जास्त होत राहिले. योहान हिर्कानसच्या (इ.स.पू. १३४ ते १०४) दरबारात आधी त्यांचे चाले. योसेफसच्या सांगण्याप्रमाणे एका मेजवानीत एलाजार नावाच्या माणसाने त्याला सुनावले की तू महायाजकपद सोड, राज्यापुरता राहा, कारण तुझी आई एकेकाळी बंदिवान होती. हिर्कानस बिथरला आणि सदूक्यांकडे गेला. त्याचा मुलगा अलेक्झांडर यन्नाय (इ.स.पू. १०३ ते ७६) वेदीपाशी उभा असताना मंडपांच्या सणाला लोकांनी त्याला हातातली महाळुंगे फेकून मारली. पुढे बंड झाले तेव्हा त्याने ८०० जणांना वधस्तंभावर चढवले. योसेफस त्यांना परूशी म्हणत नाही, पण कुमरानच्या एका भाष्यात माणसांना जिवंत टांगणारा ‘संतप्त सिंह’ आणि त्याचे विरोधक ‘गुळगुळीत गोष्टी शोधणारे’ यांचा उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासक हे विरोधक म्हणजे परूशीच मानतात. यन्नायची विधवा सालोमे अलेक्झांड्रा राणी झाली (इ.स.पू. ७६ ते ६७) आणि कारभार परूश्यांच्या हाती गेला. तो त्यांच्या सत्तेचा कळस.

एकूण परूशी किती होते?

६००० हा आकडा सर्वत्र दिला जातो. हेरोदाला आणि रोमच्या सम्राटाला निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या परूश्यांची ही संख्या योसेफस देतो. ती पंथाची एकूण संख्या म्हणून लिहू नये.

येशू आणि परूशी कायम एकमेकांविरुद्ध होते का?

वाद भरपूर होते. पण लूक सांगतो की येशू सिमोन नावाच्या परूश्याच्या घरी जेवायला गेला होता, आणि हेरोद तुला मारायला पाहतो आहे, इथून निघ, हा इशाराही त्याला परूश्यांनीच दिला. निकदेम परूशी होता. प्रेषितांना सोडून द्या असे न्यायसभेत सांगणारा गमलियेल परूशी होता. कृत्ये, अध्याय १५ मध्ये तर येशूवर विश्वास ठेवलेले आणि तरीही परूशी पंथाचे असलेले लोक भेटतात. येशू ज्या मुद्द्यांवर सदूक्यांशी भांडतो, विशेषतः पुनरुत्थानावर, तिथे तो परूश्यांच्याच बाजूला उभा आहे.

मत्तय २३ हा सगळ्यात कडक अध्याय. त्याचीही सुरुवात ‘ते सांगतात ते पाळा, करतात तसे करू नका’ अशी आहे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडता, असे येशू म्हणतो आणि लगेच जोडतो की हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते. परसातल्या भाजीचा वाटा काढणे चूक असे तो म्हणत नाही. चिलट गाळून काढता आणि उंट गिळता, हा टोमणा कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात: द्राक्षारस फडक्याने गाळत, कारण त्यात पडलेला किडा खाणे निषिद्ध होते, आणि उंटही लेवीय ११ प्रमाणे निषिद्धच. म्हणजे लहानात लहान आणि मोठ्यात मोठा निषिद्ध प्राणी एका वाक्यात आणला आहे.

येशूला परूश्यांनी मारले का?

वधस्तंभाची शिक्षा रोमन सुभेदार पिलाताने दिली. अटक आणि चौकशीच्या कथांत महायाजक आणि त्यांचे लोक पुढे आहेत. मार्क, मत्तय आणि लूक यांच्या त्या प्रसंगांत परूश्यांचे नाव जवळजवळ येतच नाही. मत्तय त्यांना वधानंतर थडग्यावर पहारा मागताना आणतो, योहान अटकेच्या वेळी. प्रवचनात ‘परूश्यांनी येशूला खिळले’ असे सरसकट म्हटले जाते, ते शुभवर्तमानांना धरून नाही.

मग ‘परूशी म्हणजे ढोंगी’ हा अर्थ कसा चिकटला?

मत्तयातल्या ‘शास्त्री, परूशी, ढोंगी’ या जोडणीमुळे. ‘ढोंगी’साठी तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा जुना अर्थ नट, सोंग वठवणारा. शतकानुशतके हे एकत्र वाचले गेले आणि युरोपातल्या अनेक भाषांच्या शब्दकोशांत ‘परूशी’चा दुसरा अर्थच ‘दांभिक’ असा नोंदला गेला. मराठी ख्रिस्ती बोलण्यातही ‘परूशी वृत्ती’ याच अर्थाने येते.

ढोंगावर टीका करणारा येशू एकटा नव्हता, हे मात्र सांगितले जात नाही. मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ असलेल्या ताल्मुदात (सोटा २२ब) सात प्रकारच्या ‘पारूशां’ची यादी आहे. त्यात पावले घासत ठेचाळत चालणारा आहे, बाई दिसू नये म्हणून डोळे मिटून भिंतीवर आपटून रक्त काढणारा आहे, ‘माझे आणखी कर्तव्य सांगा, तेही करतो’ म्हणणारा आहे. तिथेच यन्नाय राजा बायकोला सांगतो: परूश्यांना भिऊ नकोस आणि जे परूशी नाहीत त्यांनाही भिऊ नकोस, परूश्यांसारखे दिसणाऱ्या रंगवलेल्यांना भी. सोंग आणि खरे परूशीपण यांत फरक आहे हे त्या परंपरेला पक्के ठाऊक होते.

आज कुणाला ‘परूशी’ म्हणावे का?

दांभिक माणसाला म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजचा यहुदी धर्म ज्या गुरूंच्या परंपरेवर उभा आहे ते परूश्यांचे वारस आहेत. ‘परूशी’ची शिवी केली की एका जिवंत धर्माच्या पूर्वजांची शिवी होते, आणि युरोपात याच शब्दाने यहुद्यांबद्दलचा द्वेष कित्येक शतके पोसला आहे. व्हॅटिकनने १९८५ मध्ये धर्मशिक्षकांसाठी काढलेल्या टिपणात येशू आणि परूश्यांचे नाते सर्वस्वी वादाचे नव्हते हे स्पष्ट केले. मे २०१९ मध्ये रोमच्या पोपसंस्थेच्या बायबल विद्यापीठात याच विषयावर परिषद झाली आणि पोप फ्रान्सिस यांनी तिच्या अभ्यासकांना भेटून या साचेबंद प्रतिमेविरुद्ध भूमिका मांडली.

मराठीला शब्दांची ददात नाही. ढोंगी, दांभिक, बगळाभगत, ओठांत एक आणि पोटात एक असलेला: हवा तो घ्या. लूक १८ चा परूशी आणि जकातदाराचा दाखला शिकवताना एक पथ्य पाळा. आधी सांगा की आठवड्यातून दोन उपास आणि सगळ्या मिळकतीचा दशमांश हे त्या काळी खरोखर आदराचे वागणे होते आणि जकातदार रोमनांसाठी वसुली करून लोकांना नाडणारा. ऐकणाऱ्याला परूशी आधीच खलनायक वाटत असेल तर दाखल्यातला धक्काच जातो.

इ.स. ७० नंतर परूश्यांचे काय झाले?

पंथ म्हणून नाव मावळले. मंदिर गेले, त्याबरोबर सदूक्यांचा आधारच गेला. योहानान बेन झक्काय हा गुरू यावने इथे बसला, आणि तिथून शिक्षण व निवाड्यांची जी परंपरा वाढली तिने मिश्ना दिली, पुढे ताल्मुद दिले. मंदिराविना घरात, पानावर आणि अभ्यासगृहात धर्म पाळता येतो हे परूशी आधीपासून करत आले होते, म्हणून ही परंपरा टिकली. तरी ‘रब्बी म्हणजे परूशी’ असे समीकरण मांडू नका. बेन झक्काय स्वतः मिश्नात सदूक्यांना उत्तर देताना ‘परूश्यांविरुद्ध आपल्याकडे एवढेच आहे का?’ अशी भाषा करतो, जणू तो बाहेर उभा आहे. दोघांत धागा आहे, पण नाव पुढे चाललेले नाही.

कोकणातले बेने इस्राएल परूशी का?

त्यांना तसे म्हणता येत नाही. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली होती. मिश्ना-ताल्मुदावर आधारलेली रीत त्यांच्याकडे नंतर आली, त्यात कोचीनच्या यहुदी शिक्षकांचा मोठा हात. सॅम्युअल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान बांधले ते १७९६ मध्ये. परूश्यांचा वारसा मराठी बोलणाऱ्या घरांत आला तो असा, गुरूंच्या परंपरेतून, पंथाच्या नावाविना.

‘पेरुशीम’ असे दिसले की तो हाच पंथ समजायचा का?

नेहमी नाही, आणि अनुवादक इथे हमखास फसतात. मिश्नाला जोड असलेल्या तोसेफ्ता या संग्रहात (सोटा १५) मंदिर पडल्यावर मांस आणि मद्य सोडणारे ‘पेरुशीम’ वाढले, आणि यहोशुआ या गुरूने त्यांची समजूत घातली, असे येते. तिथे अर्थ ‘विरक्त’ असा आहे. ‘परूशी वाढले’ असे भाषांतर केले तर इतिहासच उलटा होतो. १८०८ पासून लिथुआनियाहून पॅलेस्टाईनला जाऊन राहिलेले विल्नाचा गाओन या यहुदी पंडिताचे (१७२० ते १७९७) शिष्यही स्वतःला पेरुशीम म्हणवत, त्यांचाही जुन्या पंथाशी संबंध नाही. त्यांना ‘परूशी’ न म्हणता ‘पेरुशीम’ असेच लिहावे.

आणि उत्तर जर्मनीत उपाहारगृहाच्या पत्रकावर ‘फारिझेअर’ दिसले, तर ती रम घातलेली गरम कॉफी असते, वर फेटलेल्या सायीचा थर. सायीखाली मद्याचा वास लपतो म्हणून हे नाव पडले असे तिथे सांगतात.